होल्डवरचा पियानो

कंपनीची कपडे धुण्याची मशीनं तशी बरी होती. तक्रार करायला फोन लावला की जे वाजायचं ते मात्र ऐकवत नव्हतं. खेळण्यातल्या मोटारीला सर्दी झाल्यासारखी एक चाल होती. ती संपली की पुन्हा तीच, ती संपली की पुन्हा तीच, आणि हे कित्येक वर्षं. मशीनमधून पाणी गळतंय म्हणून फोन लावणारा माणूस सुरुवातीला नुसता वैतागलेला असायचा. थोडा वेळ ती चाल कानावर पडली की तो खून करायला तयार व्हायचा. आणि खून करायला त्याला सापडायची वहिनी.

वहिनी म्हणजे तक्रार विभागातली सगळ्यांत जुनी बाई. तिला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. झालं होतं असं, की तिच्या शेजारच्याच खुर्चीवर तिची धाकटी नणंद बसायची. नणंद हिला वहिनी म्हणायची, ही तिला वन्सं म्हणायची, आणि बघता बघता अख्ख्या विभागाने दोघींना तेच लावून टाकलं. टेबलं पुसायला येणारे म्हातारबुवाही वन्संच म्हणायचे. एवढे मोठे साहेब, पण त्यांनीही केबिनमधून डोकं बाहेर काढून 'वन्सं, जरा आत या' म्हटलं, की नव्या माणसाला वाटायचं आपण चुकून कुणाच्या घरात घुसलोय.

विभाग तरी केवढा. एक लांबट खोली, दोन रांगांत खुर्च्या, डोक्याला अडकवायचे फोन, आणि समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांचा एक बोर्ड. होल्डवर किती लोक ताटकळतायत ते त्या बोर्डावर दिसायचं. खुर्च्या रिकाम्या असोत वा नसोत, प्रत्येक फोन आधी थोडा वेळ होल्डवरच जायचा, तसा कंपनीचा नियमच होता. आकडा चढला की साहेबांचा पारा चढायचा, आणि तो आकडा कधी उतरायचाच नाही, त्यामुळे साहेबांच्या पाऱ्याचं काय व्हायचं ते सांगायला नको.

एकदा हे साहेब कसल्याशा परिषदेला जाऊन आले. परिषद एका भारी हॉटेलात होती आणि तिथे खाली दारापाशी दिवसभर पियानो वाजत होता. एकटा पियानो, कोणी गात नाही, कोणी ढोलकं बडवत नाही. साहेबांचं म्हणणं, तिथे लोक बिल बघूनसुद्धा भांडत नव्हते. चौकशी केल्यावर कोणीतरी त्यांना सांगितलं, हे इम्प्रेशनिस्ट संगीत, शंभरेक वर्षांपूर्वीचं, फ्रेंच. झालं. साहेब परत आले ते कानात वारं शिरल्यासारखे. होल्डवर हेच वाजलं पाहिजे, आणि कुठलं वाजवायचं ते वहिनींनी ठरवायचं.

वहिनीच का, तर शाळेत असताना तिला गाण्याचं बक्षीस मिळालं होतं आणि हे तिने कुणाच्यातरी निरोपसमारंभात बोलून दाखवलं होतं. चूक तिचीच. बक्षीस भावगीताला मिळालं होतं आणि स्पर्धेत दुसरं कोणी उतरलं नव्हतं, हे तिने तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून उपयोग नव्हता.

तर वहिनी ऐकायला लागली. एका कानाला गिऱ्हाईक, दुसऱ्या कानाला पियानो. पहिला तुकडा ऐकून तिला वाटलं, पियानो दुरुस्त करायला माणूस आलाय आणि पट्ट्या तपासून बघतोय. दुसऱ्यात ती आता चाल येईल, मग येईल म्हणून वाट बघत बसली आणि तुकडाच संपला. ना मुखडा, ना अंतरा, ना ताल. चार सूर एकदम दाबायचे आणि हात वर धरून ते कुठे जातात ते बघत बसायचं, हा काय धंदा झाला? नावं बघावीत तर निम्मी पाण्याची. कुठे पाणी हलतंय, कुठे पाणी चमकतंय, कुठे पाण्यावर काहीतरी पडलंय. इथे दिवसभर लोक गळतंय गळतंय म्हणून बोंबलतायत, आणि या लोकांनी गळतीवरच संगीत लिहून ठेवलं होतं.

वन्संनी एकदा तिच्या कानातला इअरफोन काढून आपल्या कानात घातला, जेमतेम ऐकलं आणि परत दिला.

'वहिनी, ह्यांना पूर्ण वाजवायचे पैसे दिले नव्हते का हो?'

त्या दिवसापासून वन्संनी त्या संगीताचं नाव टिंगटिंग ठेवलं. 'वहिनी टिंगटिंगमध्ये आहेत, नंतर या,' असं त्या साहेबांनासुद्धा सांगायच्या.

पण वहिनीचा स्वभाव असा, की एकदा एखादी गोष्ट कळली नाही की तिला ती टोचत राहायची. तिच्या लक्षात आलं की एकच तुकडा कितीतरी जणांनी वाजवून ठेवलाय आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. म्हणजे सूर तेच, पण कोणी झटपट उरकतोय, कोणी मध्येच डुलकी काढतोय. मग तिला नादच लागला. एकच तुकडा आणि वाजवणारे वेगवेगळे. त्यांची खरी नावं तिला उच्चारता येईनात, म्हणून तिने आपली ठेवली. एक घाईगडबडे, त्यांना शेवटची गाडी पकडायची असावी. एक ओलेते, ते पायाने दाबायचं जे काय असतं ते सोडतच नसत, त्यामुळे सगळे सूर भिजून एकमेकांना चिकटायचे. एक इस्त्रीवाल्या बाई, त्यांचा प्रत्येक सूर कडक, घडी घातलेला, एकही चुणी नाही. आणि एक खोकलेकर.

खोकलेकरांचं रेकॉर्डिंग सगळ्यांत जुनं. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखर होती, कोणी शेजारच्या खोलीत तांदूळ पाखडत बसल्यासारखी. मध्येच त्यांचा पाय लाकडावर आपटलेला ऐकू यायचा, आणि ऐन नाजूक जागी कोणीतरी खोकायचं. ते स्वतः खोकतात की दुसरं कोणी, हे वहिनीला कधीच कळलं नाही. पहिल्यांदा तिने ते ऐकलं आणि बाजूला टाकलं. मग पुन्हा ऐकलं. मग रोज ऐकायला लागली.

एका दुपारी असं झालं. डाव्या कानात एक गृहस्थ तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, कारण त्यांच्या मशीनने त्यांचा पांढरा शर्ट गुलाबी करून दिला होता. उजव्या कानात खोकलेकर होते. वाजवता वाजवता ते एका जागी थांबले. खाली एक जाड सूर दाबून ठेवलेला, आणि वर काहीच नाही. याआधी या जागी वहिनीला वाटायचं, झालं, विसरला पुढचं. पण त्या दिवशी तिने ती खरखर ऐकली. सूर विरत विरत गेला, खरखर चालूच होती, आणि त्या खरखरीत कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली. म्हणजे तो माणूस तिथे बसलेला होता. विसरला नव्हता, थांबला होता. मेला असेल तो केव्हाच, पण त्या खोलीत तो अजून थांबला होता. आणि मग त्याने पुढचे सूर असे अलगद ठेवले, की वहिनीला भडाभडा रडूच आलं.

शर्टवाल्या गृहस्थांना वाटलं बाई आपल्यामुळे रडतायत. ते एकदम नरमले, गुलाबी रंगही आपल्याला तसा शोभतो म्हणाले आणि माफी मागून त्यांनी फोन ठेवला. विभागात इतकी वर्षं कोणी गिऱ्हाईक माफी मागून गेलं नव्हतं.

वहिनीने साहेबांना खोकलेकर नेऊन ऐकवले. साहेबांनी नाक मुरडलं. ही खरखर कसली? लोक म्हणतील मशीनसारखा ह्यांचा फोनही बिघडलेला. त्यांनी बाकीचे भराभर ऐकले आणि इस्त्रीवाल्या बाई पसंत केल्या. कसं स्वच्छ. कंपनी धुलाईची आहे वहिनी, स्वच्छता दिसली पाहिजे. वहिनीने थोडं म्हणून पाहिलं, पण साहेब सगळ्यांसमोर तिला 'आमच्या संगीतातल्या जाणकार' म्हणाले, आणि तिच्या तोंडाला आपोआप कुलूप बसलं. माणसाचं असंच असतं. कोणी जाणकार म्हटलं की अक्कल घरी जाते.

इस्त्रीवाल्या बाई होल्डवर गेल्या आणि चमत्कार झाला. बोर्डावरचा आकडा उतरायला लागला. आधी लोकांना वाटलं बोर्ड बिघडला. म्हातारबुवांनी तो काढून, झटकून पुन्हा लावला. आकडा आणखी उतरला. दुपारी दुपारी तर चक्क शून्य दिसायचं. विभागातल्या मुली नखं रंगवायला लागल्या, वन्संनी विणकाम आणलं. कंपनीचा हिशोब सरळ होता: उचललेला फोन म्हणजे तक्रार. त्या हिशोबाने तक्रारी निम्म्याहूनही खाली आल्या होत्या.

साहेबांनी केक कापला. भाषणात ते म्हणाले, संगीताने माणसं निवळतात. आपल्या गिऱ्हाइकांनी पियानो ऐकला आणि त्यांना कळलं की आयुष्यात गळणाऱ्या मशीनपेक्षा मोठ्या गोष्टी आहेत. वन्सं केक खाता खाता हसून ठसकल्या. वहिनीला मात्र ते पटलं. का पटू नये? तिला स्वतःला रडू आलं होतं. तिला वाटलं, घराघरांत लोक फोन कानाला लावून उभे आहेत, पायाखाली पाणी साचलंय, आणि चेहरे शांत आहेत. घरी जाताना ती मनातल्या मनात एक गोष्ट रंगवायची: कोणीतरी एखाद्या दिवशी फोन लावून विचारेल, हो बाई, हे निवडलं कोणी?

आणि मग साहेबांनी सगळ्यांना गोळा करून पुढची बातमी दिली. मुख्य कचेरी बेहद्द खूश होती. इतकी खूश, की तिने विचारलं होतं, तक्रारीच उरल्या नाहीत तर तक्रार विभाग कशाला? येत्या महिनाअखेर विभाग बंद. खोलीत व्यायामशाळा करायची. उरलासुरला फोन मुख्य कचेरीतून एक यंत्र उचलेल. आणि वहिनींना, त्यांच्या कामगिरीबद्दल, मुख्य कचेरीत बढती. स्वतंत्र टेबल, खिडकीजवळ. बाकीच्यांना कंपनी शुभेच्छा देते.

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. ते बघणं तिला जन्मभर पुरलं असतं.

वन्संनी बघितलंच नाही. त्यांनी विणकाम पिशवीत भरलं आणि घरी जाताना वाटेत एक शब्द काढला नाही. आता वन्सं गप्प म्हणजे काय, हे घरच्यांनाच माहीत. ही बाई झोपेतसुद्धा कुणाला तरी सुनावायची. नवऱ्याचं घर सोडून त्या भावाकडे आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही नोकरी धरली होती. घरातला चहा-साखर त्या स्वतःच्या पगारातून आणायच्या आणि रोज सकाळी पहिला कप ओतताना म्हणायच्या, 'हा माझा चहा आहे, तुम्हीही घ्या.' वहिनीला त्या वाक्याचा वर्षानुवर्षं वैताग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी चहा ओतला आणि ते वाक्य म्हटलं नाही, तेव्हा वहिनीने आपला कप तसाच खाली ठेवला.

नोकरी गेली तर वन्संना राहायला घर होतं, जेवायला ताट होतं, सगळं होतं. फक्त त्या मग भावाच्या घरी राहणारी बहीण झाल्या असत्या. हे वहिनीला कळत होतं आणि आपण काय करून बसलोय तेही कळत होतं. पण लोकांच्या तक्रारीच कमी झाल्या तर त्याला ती तरी काय करणार? माणसांना चिडकं कसं करायचं?

उत्तर नवऱ्याने दिलं, आणि तेही न विचारता. नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, त्यामुळे दिवसभर घरी. घरात धुलाईचं मशीन कंपनीचंच, आणि त्या आठवड्यात ते खालून गळायला लागलं होतं. संध्याकाळी वहिनी आली तर नवरा पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर दुमडून फरशी पुसत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. तुमच्या कंपनीला फोन लावावा तर लागत नाही. म्हणजे लागतो. दोनचार टिंगटिंग ऐकू येतं आणि फोन मरतो. पुन्हा लावला, पुन्हा मेला. शेवटी नाद सोडला आणि फडकं घेतलं.

'मरत नाही हो तो,' वहिनी म्हणाली. 'तिथे ते थांबलेलं असतं.'

'कोण थांबलेलं असतं?'

'संगीत.'

नवऱ्याने फडकं बादलीत पिळलं. 'इथे माझ्या कापडाच्या ताग्याखाली पाणी चाललंय आणि मी संगीत परत सुरू होण्याची वाट बघू? काही ऐकूच येत नाही तर माणूस फोन ठेवणारच ना?'

वहिनी तशीच, पर्ससकट, ओल्या फरशीवर बसली. तिने आपल्या फोनवरून आपलाच विभाग लावला. कामाची वेळ संपली होती तरी होल्ड चालू असायचा. इस्त्रीवाल्या बाईंनी चार सूर वाजवले, कडक, स्वच्छ, आणि थांबल्या. आणि मग काहीच नाही. खरखर नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. धुवून वाळत घातलेली शांतता. वहिनीला तो तुकडा तोंडपाठ होता, पुढे काय येणार माहीत होतं, आणि तरीही तिचा हात फोन कानापासून काढायला गेला.

कोणी निवळलं नव्हतं. कोणाला आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी कळल्या नव्हत्या. गावभर लोक फोन मेला समजून ठेवत होते आणि फरशा पुसत होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने नवऱ्याच्या हातून फडकं घेतलं आणि सगळी खोली एकटीने पुसून काढली.

सकाळी तिने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले की वहिनी, तुम्ही दमलाय. जो फोन उचललाच नाही ती तक्रार कशी? आणि समजा तुमचं खरं धरलं, तर तुमची बढती गेली, माझी गेली, आणि आपण दोघं हास्यास्पद झालो ते वेगळंच. परवा मुख्य कचेरीतल्या बाई खोली बघायला येतायत, व्यायामाच्या सायकली कुठे ठेवायच्या ते ठरवायला. तोवर गप्प बसा. खिडकीजवळचं टेबल आहे हो, खिडकीजवळचं.

आता वहिनी काही देवमाणूस नव्हती. ते टेबल तिला हवं होतं. कोण जन्मभर दुसऱ्यांच्या गुलाबी शर्टांवरून शिव्या खाईल? रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी विसळताना तिने वन्संना सगळं सांगून टाकलं, टेबलासकट. वाटलं, वन्सं आता फोडून काढतील, आणि तेच बरं. वन्संनी ताट पुसलं, रचलं, दुसरं घेतलं.

'मी तिकडून का आले, तुम्ही कधी विचारलं नाहीत,' त्या म्हणाल्या.

'तुम्ही सांगितलं नाहीत.'

'मारहाण नव्हती. भांडण नव्हतं. मी बोलायचे आणि पलीकडून काही यायचंच नाही. हं नाही, हूं नाही. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून मी वाट बघितली. लोक म्हणायचे, किती शांत माणूस मिळालाय तुला. वहिनी, शांत माणूस आणि मेलेला फोन कानाला सारखाच लागतो. मी ठेवला.' त्यांनी ताट रचलं. 'तुम्ही टेबल घ्या. मी तुम्हाला बोल लावणार नाही. मला फक्त इथे दिवसभर घरात बसवू नका, दादाच्या शिलाई मशीनची टकटक ऐकत मी वेडी होईन.'

आणि दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मुख्य कचेरीतल्या बाई आल्या त्या हातात मोजपट्टी घेऊनच. सडपातळ, टापटीप, बोलणं मोजकं. बोर्डावर शून्य होतं. साहेब त्या शून्याकडे असा हात करत होते, जणू ते त्यांनी स्वतः घडवलंय. मग त्यांनी वहिनीला पुढे केलं: ह्याच त्या, आमच्या संगीतातल्या जाणकार. बाईंनी हात मिळवला, अभिनंदन केलं आणि विचारलं, असं काय लावलंत तुम्ही, मलाही कळू द्या.

'तुम्हीच ऐका ना,' वहिनी म्हणाली. 'फोन लावा. गिऱ्हाईक लावतं तसा.'

साहेबांचा हात हवेतच राहिला. बाईंनी फोन काढला, नंबर लावला, कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलला, मान डोलली. मग मान थांबली. त्यांनी फोन कानापासून काढून त्याच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला, आणि ठेवून दिला.

'कट झाला,' त्या म्हणाल्या.

'नाही झाला,' वहिनी म्हणाली. 'सगळ्यांना असंच वाटतं. म्हणून तिथे शून्य आहे.'

होल्डवरचं संगीत वाजवणारा डबा वहिनीच्याच टेबलाखाली होता. ती वाकली. गुडघा कट्कन वाजला, तोही सगळ्यांनी ऐकला. तिने इस्त्रीवाल्या बाईंना काढलं आणि खोकलेकरांना लावलं. मग उभी राहून साडीची निरी झटकली आणि बोर्डाकडे बघत राहिली. साहेब म्हणाले, हा काय पोरखेळ. शून्याचं एक झालं. साहेब म्हणाले, योगायोग. एकाचे चार झाले. त्यानंतर साहेब काही म्हणाले नाहीत. आकडा असा चढत गेला, की मुलींनी नखं वाळायच्या आत फोन डोक्याला अडकवले आणि सगळी खोली एकदम बोलायला लागली. गळतंय, हो, बघते, पत्ता सांगा, नाही हो काका, शिव्या नका देऊ, हो, द्या मग. साठलेला सगळा राग एकदम फुटला होता. वहिनीला इतक्या दिवसांनी ते ऐकून माहेरी आल्यासारखं वाटलं.

मुख्य कचेरीतल्या बाई मध्ये उभ्या होत्या. त्यांनी बोर्डाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि हातातली मोजपट्टी आत ओढून घेतली. तुम्हाला हे माहीत होतं का, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी एक शब्द बोलली असती तर साहेब बुडाले असते. पण ती बोलली नाही, आणि त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलंच होतं. बाई म्हणाल्या, सायकली दुसरीकडे बघू. मग वहिनीला म्हणाल्या, खिडकीजवळच्या टेबलाचं आता मला काही सांगता येणार नाही.

'राहू द्या,' वहिनी म्हणाली. तिला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच वाईट वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून वन्संनी तोंडापुढच्या माइकवर हात ठेवला आणि तिला कोपराने ढोसलं.

'वहिनी, एक आजीबाई आहेत. मशीन कधीचं बंद. मी उचलला तर म्हणतात, इतक्यात कशाला उचललात, मला परत होल्डवर टाका.'

'का?'

'मीही तेच विचारलं.' वन्संचा आवाज जरा घसरला. 'म्हणाल्या, मागे फोन लावायचे तर पलीकडे कोणी नसायचं. आज थांबल्यावरसुद्धा खरखर येत होती, म्हटलं आहे बाई कोणीतरी. कोणी खोकलंसुद्धा. आता त्यांना तो तुकडा संपेपर्यंत ऐकायचाय.'

बोर्डावर आकडा चढतच होता.

'टाका ना मग,' ती म्हणाली.

वन्संनी बटण दाबलं. आणि दुसरा फोन घ्यायचा सोडून, एवढी रांग लागलेली असताना, त्यांनी हात लांब करून वहिनीच्या टेबलावरचा इअरफोन उचलला, आपल्या कानात घातला आणि डोळे मिटून त्या आजीबाईंबरोबर थांबल्या. साहेब बघत होते, मुख्य कचेरीतल्या बाई बघत होत्या. वन्संना त्याची पर्वा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिला कप ओतला.

'हा माझा चहा आहे,' त्या म्हणाल्या. 'तुम्हीही घ्या.'

वहिनीने घेतला.